निंदा देवाची, फिर्याद माणसाची

‘तीनशे दोन’ म्हणजे खून, हे समीकरण मराठी माणसाच्या बोलण्यात दीडशेहून अधिक वर्षे पक्के होते. १ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि ते मोडले. आता ३०२ हे कलम धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने शब्द उच्चारण्याचे आहे. पूर्वी ते २९८ होते. त्याच प्रकरणातले अधिक कडक असे २९५-अ आता २९९ झाले आहे. आकडे बदलले, आशय जवळजवळ तोच राहिला.

या दोन कलमांखालील घटनांचे वर्णन करताना हल्ली ‘ईशनिंदा’ हा शब्द सर्रास वापरला जातो. शब्द भारदस्त आहे, संस्कृत वळणाचा आहे आणि मथळ्यात चपखल बसतो. मात्र तो भारतीय कायद्यात नाही. मराठीच्या धार्मिक परंपरेतही शिक्षापात्र गुन्हा या अर्थाने तो सहसा भेटत नाही. तरीही तो रुळला आहे. शब्द रुळला की त्याच्यामागून त्याचा तर्कही येतो, आणि तो तर्क माणसाला तुरुंगापर्यंत नेऊ शकतो. गोव्यात गेल्या काही वर्षांत दोन समाजांच्या दोन वक्त्यांवर धार्मिक भावना दुखावल्याचे गुन्हे नोंदले गेले. त्यामुळे या शब्दांचा नेमका अर्थ काय, हा प्रश्न येथील वाचकांसाठी केवळ व्याकरणाचा नाही.

तुकोगंज ठाण्यातील गुन्हा

या प्रश्नाचे अलीकडचे सर्वांत बोलके उदाहरण इंदूरचे आहे. तुकोजीराव होळकरांचे नाव वागवणारा तुकोगंज हा त्या शहराचा मध्यवर्ती भाग. १ जानेवारी २०२१ रोजी छप्पन दुकान परिसरातील एका कॅफेत विनोदवीर मुनव्वर फारुकी याचा कार्यक्रम होता. सत्ताधारी पक्षाच्या स्थानिक आमदारांचे पुत्र साथीदारांसह तेथे पोहोचले, कार्यक्रम थांबवला गेला आणि फारुकी व त्याचे सहकारी तुकोगंज पोलीस ठाण्यात नेले गेले. हिंदू देवदेवतांविषयी आणि केंद्रीय गृहमंत्र्यांविषयी अवमानकारक विनोद केल्याची तक्रार होती. २९५-अ आणि २९८ या कलमांबरोबरच कोविडकाळातील निर्बंधांशी संबंधित २६९ आणि १८८ ही कलमेही लावली गेली.

पुढचा क्रम पाहण्यासारखा आहे. कनिष्ठ न्यायालयांनी जामीन नाकारला. देवदेवतांचा अपमान करतानाची त्याची ध्वनिचित्रफीत मिळाली नसल्याचे तुकोगंज ठाण्याच्याच अधिकाऱ्याने माध्यमांना सांगितले होते. आपल्या अशिलाने त्या दिवशी असे काही उच्चारलेच नव्हते, असे बचाव पक्षाचे म्हणणे होते. तरीही २८ जानेवारीला मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने जामीन फेटाळला. गोळा झालेली सामग्री पाहता एका वर्गाच्या धार्मिक भावना हेतुपुरस्सर दुखावणारी विधाने प्रथमदर्शनी झाल्याचे खंडपीठाने नमूद केले. ५ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम जामीन दिला. प्राथमिक माहिती अहवालातील आरोप संदिग्ध आहेत आणि अटकेपूर्वी पाळायची कार्यपद्धती पाळली गेली नाही, हे दोन मुद्दे तेथे निर्णायक ठरले. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत सरसकट अटक करू नये, असे त्याच न्यायालयाने २०१४ मध्ये अर्णेशकुमार खटल्यात सांगितले होते. महिन्याहून अधिक काळ कोठडीत काढल्यावर फारुकी बाहेर आला.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये बेंगळुरूचा त्याचा कार्यक्रम पोलिसांनी कायदा व सुव्यवस्थेचे कारण पुढे केल्यावर रद्द झाला. गोव्यातील नियोजित कार्यक्रमही विरोधानंतर होऊ शकला नाही. दोषसिद्धी कोठेच झालेली नव्हती. एका शब्दाचा शिक्का मात्र माणसाच्या आधी प्रत्येक शहरात पोहोचत होता.

या प्रकरणातील पहिला प्रश्न कोणी फारसा विचारला नाही. येथे फिर्यादी कोण? देव, भाविक की सार्वजनिक शांतता? या तिघांसाठी भाषेत वेगवेगळे शब्द आहेत आणि कायद्यात वेगवेगळी कलमे आहेत. ‘ईशनिंदा’ हा एकच शब्द वापरला की तिन्हींची सरमिसळ होते.

एका शब्दाच्या पोटात अनेक शब्द

इंग्रजी ‘ब्लास्फेमी’चे मूळ ग्रीक आहे. तेथे त्याचा अर्थ वाईट बोलणे, बदनामी करणे इतकाच होता. दोष देणे या अर्थाचा ‘ब्लेम’ हा इंग्रजी शब्दही त्याच कुळातला. देवाविरुद्धचे बोलणे हा विशेष अर्थ ज्यू आणि ख्रिस्ती धर्मपरंपरेत घट्ट झाला. मराठी बायबलमध्ये त्यासाठी ‘दुर्भाषण’ हा शब्द आला आणि तो मूळ अर्थाच्या जवळ आहे. ‘हेरसी’ म्हणजे मुळात ‘निवड’: चर्चने ठरवलेल्या मताऐवजी स्वतःचे मत निवडणे. ‘ॲपॉस्टसी’ म्हणजे धर्मापासून दूर जाऊन उभे राहणे. ‘सॅक्रिलेज’ म्हणजे मुळात देवळातली चोरी. बोलणे, विचार करणे, सोडून जाणे आणि वस्तूला हात लावणे असे हे चार निरनिराळे व्यवहार आहेत. युरोपातही ते एकच मानले गेले नव्हते.

मराठीची घडण आणखी वेगळी आहे. ‘पाखंड’ हा शब्द घ्यावा. आज त्याचा अर्थ ढोंग किंवा धर्मविरोधी मत असा होतो, आणि युरोपच्या इतिहासाची मराठी पुस्तके ‘हेरसी’साठी तोच वापरतात. पण सम्राट अशोकाच्या शिलालेखांत ‘पाषंड’ म्हणजे कोणताही पंथ. त्याच्या बाराव्या शिलालेखात सर्व पाषंडांचा आदर करावा, आपल्या पंथाची अवाजवी स्तुती आणि दुसऱ्याची निष्कारण निंदा टाळावी, वाणीवर संयम ठेवावा, असा उपदेश आहे. धर्मविषयक बोलण्यावर राज्यकर्त्याने केलेले हे भाष्य भारतातील अतिप्राचीन भाष्यांपैकी एक. त्यात आवाहन आहे, दंड नाही. पुढे तोच ‘पाषंड’ शिवीसारखा वापरला जाऊ लागला.

‘नास्तिक’ शब्दाचेही तसेच. पाणिनीच्या व्याकरणात परलोक नाही असे मानणारा तो नास्तिक. मनुस्मृतीत वेदांची निंदा करणारा नास्तिक. म्हणजे देव न मानणे हा आजचा अर्थ त्या शब्दाला नंतर चिकटला. निंदा वेदांची, गुरूची, संतांची असू शकते आणि तिचे पाप लागते, असे परंपरा सांगते. ते फेडायचे असते ते कर्मफलाच्या हिशेबात. त्यासाठी ठाणेदाराची गरज परंपरेला भासली नाही.

भक्तीच्या परंपरेत तर देवाशी भांडणे हा प्रेमाचाच प्रकार आहे. जनाबाईंनी विठ्ठलाला घातलेल्या शिव्या वारकरी आजही टाळमृदंगात गातात. नामदेवांनी देवाशी हक्काने वाद घातला. वरवर निंदा आणि आतून स्तुती, अशा रचनेला साहित्यशास्त्राने ‘व्याजस्तुती’ असे स्वतंत्र नाव दिले आणि तिची गणना अलंकारांत केली. देवाचा द्वेष करूनही शिशुपालाला अखेर देवाचीच प्राप्ती झाली, असे मानून पुराणांनी ‘विरोधी भक्ती’लाही जागा दिली. या परंपरेत निंदेची वेदना नव्हती असे म्हणणे मात्र भाबडेपणाचे ठरेल. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावणारेही याच मातीतले होते. फरक इतकाच की त्या छळाला मराठीने कधी ‘ईशनिंदेची शिक्षा’ म्हटले नाही. तो छळच मानला गेला.

आणखी एक जोडी पाहण्यासारखी आहे. ‘गुन्हा’ हा शब्द फारसी ‘गुनाह’वरून आला. गुनाह म्हणजे पाप. मराठीत येता येता पापाचा अर्थ गळून पडला आणि कायद्याचा तेवढा उरला. उलट ‘अपराध’ हा शब्द हिंदीत कायद्याचा झाला. मराठीत तो सौम्य राहिला. आपण वडीलधाऱ्यांना आणि देवालाही ‘अपराध पोटात घाला’ म्हणतो, ‘गुन्हा पोटात घाला’ म्हणत नाही. पाप, अपराध आणि गुन्हा यांतील अंतर मराठीने असे जपले आहे. पापाला प्रायश्चित्त, अपराधाला क्षमा आणि गुन्ह्याला शिक्षा. ईशनिंदा हा शब्द गुन्ह्याच्या पंक्तीला बसवला की पापाचा न्याय करण्याचे काम पोलीस ठाण्याकडे जाते.

लाहोरचे पुस्तक आणि १९२७ चे कलम

भारतीय कायदा देवाचा कैवार घेत नाही. १८६० च्या दंडसंहितेने धर्माविषयीच्या गुन्ह्यांचे प्रकरण सर्व धर्मांसाठी समान ठेवले. पूजास्थानाची नासधूस, धार्मिक सभेत अडथळा, दफनभूमीत आगळीक आणि भावना दुखावण्यासाठी शब्द उच्चारणे असे ते गुन्हे होते. मराठीत आपण मूर्ती किंवा पुतळ्याची ‘विटंबना’ म्हणतो. तो वस्तूशी संबंधित गुन्हा आहे, बोलण्याशी नाही. एखाद्या माणसाची अप्रतिष्ठा ही ‘बदनामी’, तिचे कलम आणखी वेगळे.

२९५-अ हे कलम नंतर आले आणि ते एका पुस्तकामुळे आले. १९२४ मध्ये लाहोरात ‘रंगीला रसूल’ ही प्रेषित महंमदांवरील पुस्तिका निघाली. प्रकाशक महाशय राजपाल यांच्यावर समाजांत वैमनस्य पसरवण्याच्या १५३-अ कलमाखाली खटला झाला. दिवंगत धर्मपुरुषावरील टीका त्या कलमात बसत नाही, असे म्हणून लाहोर उच्च न्यायालयाने १९२७ मध्ये त्यांना सोडले. त्यानंतरचा क्षोभ शमवण्यासाठी त्याच वर्षी २९५-अ कलम आणले गेले. विधेयकावरील प्रवर समितीत महंमद अली जिना होते. इतिहासाचे संशोधन करणाऱ्यांना आणि धर्माची प्रामाणिक टीका करणाऱ्यांना संरक्षण मिळाले पाहिजे, असे त्यांनी तेव्हा बजावले होते. कायदा झाला तरी राजपाल वाचले नाहीत. एप्रिल १९२९ मध्ये त्यांची हत्या झाली.

त्या चर्चेमुळेच ‘हेतुपुरस्सर आणि द्वेषबुद्धीने’ ही अट कलमात आली. १९५७ मध्ये रामजीलाल मोदी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम वैध ठरवले ते या अटीच्या बळावरच. अनवधानाने, निष्काळजीपणे किंवा द्वेषभाव नसताना केलेला अपमान या कलमात येत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. २०१७ मध्ये महेंद्रसिंह धोनी याला विष्णूच्या रूपात दाखवणाऱ्या मासिकाच्या मुखपृष्ठावरील खटला याच कारणाने रद्द झाला. शिवाय २९५-अ खाली न्यायालयाने दखल घेण्यापूर्वी सरकारची पूर्वमंजुरी लागते. ही चाळणी चांगली आहे, पण ती अटकेनंतर लागते. तोवर आरोपीचे दिवस तुरुंगात जाऊ शकतात.

पंढरपुरात जन्मलेले आणि इंदुरात वाढलेले चित्रकार मकबूल फिदा हुसेन यांचे प्रकरण हेच सांगते. २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्याविरुद्धच्या तक्रारी रद्द केल्या. तोपर्यंत ते देश सोडून गेले होते. २०१० मध्ये त्यांनी कतारचे नागरिकत्व घेतले आणि २०११ मध्ये लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. न्यायालयातला विजय त्यांना घरी आणू शकला नाही.

साहित्यातही कलमाविना काम भागते. आनंद यादव यांची ‘संतसूर्य तुकाराम’ ही कादंबरी वारकऱ्यांच्या विरोधानंतर मागे घेतली गेली. २००९ च्या महाबळेश्वर साहित्य संमेलनाचे निर्वाचित अध्यक्ष असलेल्या यादवांना पद सोडावे लागले. कादंबरीत काही आक्षेपार्ह होते की नाही यावर मतभेद असू शकतात. पण त्यावर शांतपणे वाद घालण्याची जागा तेव्हा उरली नाही, हे खरे.

गोव्याची दुहेरी आठवण

गोव्याला या शब्दाचा इतिहास अंगावर अनुभवून माहीत आहे. १५६० मध्ये येथे धर्मन्यायालय आले. मधला थोडा खंड वगळता ते १८१२ पर्यंत चालले. पोर्तुगीज भाषेतील ‘ब्लास्फेमिया’ हा त्याच्या कक्षेतील एक अपराध होता. फ्रेंच वैद्य शार्ल देलों याला सतराव्या शतकात दमणमध्ये पकडून येथे आणले गेले ते बाप्तिस्मा, मूर्ती आणि खुद्द धर्मन्यायालय यांविषयी मोकळेपणाने बोलल्यामुळे. १६८७ मध्ये त्याने लिहिलेली हकीकत युरोपभर वाचली गेली, आणि अनंत काकबा प्रियोळकर यांनी गोव्याच्या धर्मन्यायालयावरील आपल्या ग्रंथात तिला महत्त्वाचे स्थान दिले. देलों स्वतः ख्रिस्ती होता, ही गोष्ट विसरता कामा नये. बोलण्याचा गुन्हा एकदा तयार झाला की तो परक्यांवरच चालेल याची शाश्वती नसते.

मुक्तीनंतर गोव्यात भारतीय दंडसंहिता आली. देवाऐवजी नागरिकांमधील सलोखा हा कायद्याचा विषय बनला. हा मोठा पालट होता. अलीकडच्या दोन प्रकरणांत त्याची कसोटी लागली. ऑगस्ट २०२३ मध्ये चिखलीचे धर्मगुरू फादर बोलमॅक्स परेरा यांच्यावर वास्को पोलिसांनी गुन्हा नोंदवला. छत्रपती शिवाजी महाराज राष्ट्रपुरुष आहेत, देव नव्हेत, अशा आशयाचे त्यांचे प्रवचन होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुभाष वेलिंगकर यांच्यावर डिचोलीत गुन्हा नोंदवला गेला. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या अवशेषांची डीएनए चाचणी व्हावी, अशी त्यांची मागणी होती. शवप्रदर्शन सोहळा तोंडावर असताना मडगावसह अनेक ठिकाणी लोक रस्त्यावर उतरले.

दोन्ही विधाने अनेकांना खुपली, हे उघड आहे. श्रद्धेची जखम खोटी नसते, आणि ती झालेल्याला ‘एवढे काय त्यात’ म्हणणे हा उद्धटपणा आहे. पण दोन्ही प्रकरणे ईशनिंदेच्या चौकटीत घातली की काय होते ते पाहावे. पहिल्यात वादाचा मुद्दाच हा आहे की ज्यांच्याविषयी बोलले गेले ते देव आहेत की इतिहासपुरुष. दुसऱ्यात प्रश्न एका संताच्या अवशेषांचा आणि इतिहासाचा आहे. ‘ईश’ दोन्हींत थेट नाही. कायद्याने पाहायचे ते वक्त्याचा हेतू, त्याची द्वेषबुद्धी आणि समाजांत तेढ वाढण्याचा धोका. एका प्रकरणात जो निकष आपण मागतो तोच दुसऱ्यात मान्य करणे, ही गोव्याच्या सलोख्याची खरी परीक्षा आहे. ‘आमच्या’ वक्त्यासाठी अभिव्यक्तिस्वातंत्र्य आणि ‘त्यांच्या’ वक्त्यासाठी अटक, अशी मागणी दोन्ही बाजूंनी झाली तर कायदा उरणार नाही, मोर्चाची लांबी तेवढी उरेल.

नागपूरचा निकष, नवी तरतूद

हे मोजमाप कसे करावे याचे उत्तर मराठी मुलखातूनच गेले आहे. १९४० च्या दशकात नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी भगवतीचरण शुक्ल खटल्यात सांगितले की शब्दांचा परिणाम समंजस, खंबीर आणि धीट माणसाच्या मापाने जोखावा. प्रत्येक विरोधात धोका पाहणाऱ्या दुबळ्या मनाच्या मापाने नव्हे. २८ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खासदार इम्रान प्रतापगढी यांच्यावरील जामनगरचा गुन्हा रद्द करताना हाच निकष पुन्हा उचलून धरला. त्या गुन्ह्यात नव्या संहितेची २९९ आणि ३०२ ही दोन्ही कलमे होती आणि निमित्त होते एका कवितेचे.

त्या निकालाचा दुसरा भाग पोलीस ठाण्यांसाठी अधिक महत्त्वाचा आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३(३) कलमानुसार तीन वर्षे ते सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत, वरिष्ठांच्या परवानगीने, गुन्हा नोंदवण्याआधी चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. बोलण्या-लिहिण्याशी संबंधित तक्रारींत ही वाट घेणे योग्य, असे न्यायालयाने सांगितले. २९९ ची कमाल शिक्षा तीन वर्षे असल्याने ती या तरतुदीत येते. अशी सोय २०२१ च्या १ जानेवारीला तुकोगंज ठाण्यात असती आणि वापरली गेली असती, तर कोण नेमके काय बोलले हे आधी तपासले गेले असते.

जगाचा कल दोन दिशांना आहे. इंग्लंड आणि वेल्सने ईशनिंदेचा गुन्हा २००८ मध्ये मोडीत काढला, आयर्लंडच्या जनतेने २०१८ मध्ये सार्वमताने तो राज्यघटनेतून हटवला. पाकिस्तानने उलट वाट धरली. १९२७ चे तेच कलम दोन्ही देशांच्या वाट्याला आले होते. १९८० च्या दशकात पाकिस्तानने त्याला २९५-ब आणि २९५-क जोडून प्रेषितांच्या अवमानाला देहदंडापर्यंत नेले. द्वेषबुद्धीची अट नव्या कलमांत राहिली नाही. भारतातही पंजाबने धर्मग्रंथांच्या ‘बेअदबी’साठी जन्मठेपेपर्यंतच्या शिक्षेचे विधेयक २०१८ मध्ये संमत केले, जुलै २०२५ मध्ये तेथील विधानसभेत नवे विधेयक मांडले गेले. बेअदबी म्हणजे आदराचा अभाव. आदर नसणे हा शिष्टाचाराचा प्रश्न आहे. त्याला जन्मठेप जोडताना हेतूची अट कोठे राहते, हे पाहिले पाहिजे.

यातून निघणारी कामे मोठी नाहीत. तक्रार आली की पोलिसांनी आधी प्रत्यक्ष शब्द मिळवावेत, मग कलम निवडावे. राजकीय नेत्यांनी ‘देवाचा अपमान’ असे म्हणताना न्यायालय देवाच्या वतीने चालत नाही याचे भान ठेवावे. वृत्तपत्रांनी बातमीत ‘ईशनिंदा’ न लिहिता कोणते कलम लागले, काय बोलल्याचा आरोप आहे, तक्रार कोणाची आहे आणि पुरावा काय, हे चार तपशील द्यावेत. विटंबना झाली असेल तर विटंबना म्हणावे, बदनामी असेल तर बदनामी, भावना दुखावल्याचा आरोप असेल तर तो आरोप आहे असे म्हणावे. मराठीत यांतील प्रत्येकासाठी शब्द आहे. या सर्वांच्या जागी ‘ईशनिंदा’ एकट्याने उभी राहिली की तपासाआधीच निकाल लागल्यासारखे होते, आणि तो निकाल पुढे उच्च न्यायालयालाही पुसता येत नाही.